पोचपावतीचा फोटो

ओदालिसनं पूर्ण बाह्यांच्या झग्याच्या आत दुसरा स्वेटर चढवला, तेवढ्यात बाहेर रेनिएरच्या तीनचाकीचा भोंगा वाजला. कामाग्वे शहरातल्या ऑगस्टात एक स्वेटरही कुणी घालत नाही. त्यात सकाळपासून वीज गेलेली. पण इलाज नव्हता. जूनमधल्या तापानं तिच्या अंगावरचं मांस पार उतरवलं होतं, आणि दूर परदेशातल्या मोन्तेविदेओहून लेकीनं, मायेलिननं, सरळ धमकीच दिली होती : "या फोटोत आणखी खंगलेली दिसलीस, तर सामानाची खोकी बंद. त्याच पैशांत माझं तिकीट काढीन आणि येईन."

मायेलिनचे तिकडे राहायच्या परवान्याचे कागद हातात यायला दोन महिने होते. आत्ता ती तिथून निघाली असती, तर तीन वर्षांची खटपट मातीत गेली असती.

रेनिएर पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. आता परदेशातल्या लेकरांनी इंटरनेटवर घेतलेलं वाणसामान इथल्या आयांना पोचवायचा. त्यानं ओळखपत्र पाहिलं, खोकं तिच्या हाती दिलं आणि मोबाइल रोखला.

"जरा लांबून काढ रे बाबा."

"लांबून काढला तर कंपनी म्हणेल, सामान भिंतीला दिलंस का. दोन्ही हातांनी वर धरा, मावशी. खोक्यावरची चिठ्ठी दिसू दे. हां, अजून वर."

तिनं खोकं छातीपर्यंत उचललं आणि हसली. गालांवर चोपडलेली लाली घामाबरोबर ओघळत होती.

"बरं नाही का वाटत?"

"जाड झालेय. जाड माणसाला घाम येतोच."

रेनिएरनं बटण दाबलं.

फोटो गेला. मायेलिननं तो पाहून होकार दिला, की तिच्या डेबिट कार्डावर अडकवून ठेवलेले पैसे कंपनीला मिळायचे. तोवर रेनिएरला दारातून हलायची सोय नव्हती. एरवी होकार मिनिटभरात यायचा. आज दहा मिनिटं झाली. ओदालिस पायरीवर बसली.

"तिकिटं बघत बसली असेल कार्टी."

"नेट गेलं असेल तिचं."

"तिचं जात नाही. जातं ते आपलं."

शेवटी मोबाइल वाजला.

"पैसे सुटले," रेनिएर म्हणाला. "खाली काहीतरी लिहिलंय. वाचू?"

"वाच."

"'कागद येईपर्यंत थांबते. आईला सांगा, खोकं उचलताना माझ्या निळ्या स्वेटरच्या बाह्या बाहेर आल्यात. काढून टाक म्हणावं, उकडत असेल. पुढच्या फोटोत स्वेटर नको.'"

ओदालिसला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं. तिनं बाह्या आत सारल्या. आता त्यात काही अर्थ नव्हता, तरी सारल्या.

रेनिएर गेल्यावर तिनं दोन्ही स्वेटर उतरवले आणि कोळशाची शेगडी पेटवली. नवी पिशवी फोडून रोजच्यासारखा मूठभर तांदूळ पातेल्यात टाकला. पिशवीचं तोंड बांधायला घेतलं, पुन्हा सोडलं, आणि आणखी एक मूठ टाकली.