तळीचं ताम्हण

"एका घरातल्या माणसांना वेगळं करायचं असेल तर घाई करू नकोस," बंद दाराआडून सुनेचा आवाज आला. "आधी मोठ्यांना विचार. एकदा वेगळी केली की पुन्हा एकत्र आणता येत नाहीत."

रतनबाई चहाचा कप घेऊन दाराशीच थबकल्या. चहा सुनेसाठी होता, पण ते आपलं निमित्त. हल्ली अनुपमा दुपारची दार लावून बसायची आणि आत कुणाशी तरी बोलायची. समोरून उत्तर मात्र कधी ऐकू येत नसे. तळेगाव ढमढेऱ्यात भरदुपारी दार लागलं की चार घरांना खबर जाते. शेजारच्या अनसाबाईंनी बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करता करता सांगूनच टाकलं होतं, "माझ्या जावंच्या सुनंनं बी असंच दार लावलं व्हतं. दिवाळीला चूल येगळी झाली."

तेव्हापासून रतनबाई दुपारच्या त्या बंद दाराशी घुटमळू लागल्या होत्या. सत्यजीत एकुलता एक मुलगा. त्याचे वडील गेल्यावर घरात माणसं उरली तीनच. त्यातून सत्यजीतनं पुण्यात फ्लॅट बघितल्याचं कानावर आलं होतं. त्यांना स्वतःला कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणूनच ते खरं वाटत होतं.

आणि सूनही अशी मिटलेली. लग्न होऊन आली तेव्हा चांगली बडबडी होती. मग पहिल्याच वर्षी ती गोष्ट झाली. पाहुण्यांना मटणाचं जेवण होतं. अनुपमानं कांदा-लिंबू चिरून एका चकचकीत तांब्याच्या ताटलीत हौसेनं मांडलं आणि पंगतीत आणून ठेवलं. ती ताटली म्हणजे खंडोबाच्या तळीचं ताम्हण. चंपाषष्ठीला त्यात पानसुपारी, खोबरं, भंडारा ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांनी 'येळकोट येळकोट' म्हणत ते उचलायचं. एरवी त्याला कुणी हात लावत नाही. रतनबाई पाहुण्यांदेखत कडाडल्या होत्या, "एवढं बी कळत न्हाई? आईनं कायच शिकवलं न्हाई व्हय?" अनुपमाचं माहेर दौंडचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं. तिकडे कुणी तळी भरत नसे.

त्या दिवसापासून ती प्रत्येक गोष्ट विचारून करू लागली. हे घेऊ का, हे इथं ठेवू का. आधी रतनबाईंना ते बरं वाटलं. मग त्याचाच संशय येऊ लागला. जिला या घरात राहायचंय, ती अशी पाहुणीसारखी विचारते का?

आज त्यांनी कप बाहेरच ठेवला आणि दार ढकललंच.

आत अनुपमा एकटी होती. फोन लांब पलंगावर पडलेला. पुढ्यात लॅपटॉप.

"कुनाला येगळं कराय निघालीस गं?"

अनुपमा दचकून उठली. "कुणाला नाही, आत्या." सासूला ती आत्याच म्हणे. "माझं काम आहे. लिहिलेलं मोठ्यानं वाचून बघते."

"मी भाईर हुबं राहून ऐकलंय. येका घरातली मानसं म्हनालीस."

"दवाखान्यातल्या नोंदी हो त्या. एकेका घराची नोंद एकत्र असते. ती वेगळी करायचं बटण असतं, पुसून टाकायचं असतं. इतके दिवस ते काम माणसं करायची, आता आमची कंपनी ते एआयला देणार. म्हणून कुठलं बटण कशासाठी, कधी दाबायचं नाही, चुकलं तर काय करायचं, हे सगळं मी त्याला लिहून देते."

रतनबाईंनी लॅपटॉपकडे चोराकडे बघावं तसं बघितलं. "समदी म्हनत्यात ते लई हुशार हाय. मग त्याला कशाला सांगाय लागतंय?"

"हुशार आहे, पण परकं आहे ना. आपल्याकडची रीत त्याला कशी कळणार? न सांगता काम दिलं आणि त्यानं घोळ घातला, तर आमच्यात त्याला बोलत नाहीत. ज्यानं लिहून दिलं नाही, त्याला बोलतात."

अनुपमा हे सहजच म्हणाली. रतनबाईंनी तिचा चेहरा निरखला. त्यात टोमणा शोधला, तो सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

"पुण्याला जायाचं ठरलंय म्हन की," शेवटी त्यांनी मनात खदखदणारं विचारलंच.

"ह्यांचं चाललंय. मी अजून हो म्हणाले नाही." अनुपमा थांबली. "नाही पण म्हणाले नाही."

रतनबाई तडक निघून गेल्या. आता घरात अबोला, असं धरून अनुपमानं लॅपटॉप मिटायला घेतला. तेवढ्यात त्या परत आल्या. हातात ताम्हण होतं. ते त्यांनी लॅपटॉपशेजारी ठेवलं आणि पलंगाच्या कडेवर बसल्या.

"लिव्ह."

"काय लिहू?"

"हे खंडोबाच्या तळीचं. चंपाषष्ठीला काढायचं, येरवी न्हाई. आदी चिंचंनं घासायचं. कांद्यालसणाचा हात लागू द्यायाचा न्हाई."

अनुपमाची बोटं चालू लागली. पुढचा प्रश्न तिच्या तोंडून सवयीनंच गेला. रोजच्या कामात तो प्रत्येक बटणाला विचारावा लागे.

"आणि कुणी चुकून दुसऱ्याच कामाला घेतलं तर?"

रतनबाईंनी पदर तोंडाला लावला. बाहेर गार झालेल्या चहावर माशी घोंघावत होती, तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तर लिव्ह," त्या म्हणाल्या, "सासूनं सांगितलं न्हवतं."