भीमीची फोड

शाळेमागच्या झाडाची कैरी अशी आंबट, का पाखरानं चोच मारली तं त्याचे दात आंबत. पाखराले कुठं दात असतेत, म्हनसान. तं या कैरीनंच गेले ते.

ती कैरी डोमाजी मास्तर चाकूनं कापून राह्यले होते, अन् समोर अठरा पोट्टे तोंडातलं पानी गिळत बसले होते.

या पोट्ट्याइले आयाइनं घरून बजावून धाडलं होतं, का मास्तर बौद्ध झाला असन, पन आपल्यासाठी जुनाच आहे. त्याच्या हातचं काही नको खाजो. वर्षभर कोनी खाल्लंबी नाही. मास्तरनं गूळ देऊन पाह्यला, फुटाने देऊन पाह्यले. आज मात्र तिखट-मिठाचा वास सुटला अन् अठराच्या अठरा हात पुढं आले. पाटलाच्या घरचा पोट्टा तं बोटं चाटून दुसरी फोड मागून राह्यला होता. मास्तरची छाती ढोलावानी फुगली.

शेवटची, एकोणिसावी फोड भीमीची. कोलाम आदिवासीच्या पोडावरून, जंगलातल्या वस्तीवरून, शाळेत येनारी ती एकटीच पोट्टी. दोन कोस जंगल तुडवत मास्तर सात खेपा पोडावर गेले, तवा कुठं तिच्या आजानं तिले धाडली. हजेरी घेताना तिचं नाव मास्तर जरा लांबवूनच घेत.

भीमीनं फोड तळहातावर घेतली अन् हात तसाच ठेवला.

"खाय ना व."

भीमीनं मान हलवली. नाही.

"पोट दुखते?"

नाही.

अठरा तोंडं चावता चावता थांबली.

"तूबी?" मास्तर म्हनले. "पाटलाच्या पोरानं खाल्लं, अन् तुले इटाळ होते?"

भीमीले मराठी थोडीच येई. इटाळ तिले समजला नाही, आवाज समजला. तिनं कोलामीत काहीतरी सांगतलं. पोट्टे फिदीफिदी हासले.

मास्तरनं सकाळी शिकवलेलं पुस्तक उचललं. "हे पाह्य काय लिवलं आहे. 'जंगलातील लोक मिळेल ते खातात. त्यांना खाण्यापिण्याचे काही नियम नसतात.' मंग तुले हा नियम कोनं शिकवला? या गावानं?"

भीमी उभी. तळहात उघडाच.

"खाशीन तं बस. नाही खाशीन तं शाळेत येऊ नको."

तिनं एकडाव पाटीकडं पाह्यलं. पाटी शाळेची होती, ती खाली ठेवली. अन् तळहातावरची फोड वाऱ्यातून दिवा न्यावा तशी जपत, निघून गेली.

तीन दिस मास्तरनं ती पाटी दुसऱ्या कोनाले देल्ली नाही. चौथ्या दिवशी हजेरी घेता घेता तिच्या नावावर मास्तरचं बोट थांबलं. तं तांड्यावरची जमनी म्हने, "परवापासून येईन भीमी, गुरुजी. उद्या त्याइची पूजा हाय."

"कायची पूजा?"

"आंब्याची. देवाले दाखवल्याबिगर नवा आंबा तोंडात घालत नाहीत ते. कोनंबी देऊ दे. आमचा तांडा पोडाले लागून हाय, मले मालूम हाय ना."

"मंग त्या दिवशी काहून नाही सांगतलं, व पोट्टी?"

"तुमी तिले इचारून राह्यले होते. मले कुठं इचारलं?"

शाळा सुटली तसे मास्तर निघाले. ते जंगलबी असं बेरकी, का मानूस घाईत दिसला का आपलं अंग लांबवते. दोन कोसाचे त्या दिवशी दहा झाले. वाटेत वहानेचा अंगठा तुटला, तं वहाना हाती घेऊन चालले.

भीमीचा आजा पोडाचा पुजारी. अंगनात बांबूच्या कमच्या काढून राह्यला होता. मास्तरले पाहून उठला.

"या गुरुजी. तुमची फोड ठेवली हाय, पळसाच्या पानात. उद्या देवापुढं पह्यली तीच. पोरगी म्हने, गुरुजीनं देल्ली, फेकाची नाही."

"भीमी कुठं आहे, बाबा?"

"काल गेली. मामा आला होता, त्याच्यासंग. पैनगंगेपल्याड, बांबू तोडाले."

"कवा येईन?"

"आता कायले येते? मामाचं पोरगं हाय तिच्याजोगतं. तिकडंच राहीन."

मास्तरनं वहाना खाली ठेवल्या. "मी रागात बोललो, बाबा. मले वाटलं... मले दुसरंच वाटलं. तिले परत बोलवा."

आजा हासला. लहान पोराले समजवावं तसा म्हने, "तुमी म्हनलं ना, खाल्लं नाही तं येऊ नको? तिनं खाल्लं नाही. गुरुजीचा शबद आमी मोडत नाही."



"बसा, दम खा. लय चालले." आजा आत गेला अन् भोपळ्याचा तुंबा पान्यानं भरून घेऊन आला. मास्तर सवयीनं खाली वाकले अन् दोन्ही हाताची ओंजळ पुढं केली.

आजा पाहतच राह्यला. "हे काय करता, गुरुजी? जनावर हाय का तुमी?" त्यानं ओंजळ बाजूले सारली अन् तुंबाच मास्तरच्या हाती देल्ला. "तोंडाले लावा."

मास्तरनं तुंबा तोंडाले लावला. पानी सरलं, तरी लय वेळ खाली काढला नाही.