विरुद्ध बाजू

"शीतयुद्ध रशियानंच सुरू केलं. महायुद्ध संपल्यावरही पोलंडमधलं सैन्य काढलं नाही त्यांनी," प्रबंधाची पानं लावत सुनेत्रा म्हणाली.

"तीस वर्षांत दोनदा जर्मन त्याच वाटेनं घुसले. कोट्यवधी माणसं गेली. तू कडी लावली नसतीस?" बाबांनी विचारलं. इतिहासाचे हे निवृत्त मास्तर रोज नाश्त्याला मुद्दाम तिच्या विरुद्ध बाजू घेत.

"दुसऱ्याच्या दाराला?"

"भ्यालेला माणूस दार कुणाचं ते बघत नाही. आणि अणुबॉम्ब उशाशी घेऊन झोपणारी तुझी अमेरिका काय धीट होती? पोहे खा, गार होताहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर चारच दिवसांनी विद्यापीठाच्या सभागृहात तिची पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा होती. बाहेरगावच्या परीक्षकांनी प्रबंध मिटून बाजूला ठेवला. "सगळा दोष रशियाचाच? पाच मिनिटं त्यांचे वकील व्हा बघू."

मार्गदर्शकांचा चेहरा पडला. सुनेत्रा मात्र बोलू लागली. इतकी वर्षं तिनं हट्टानं खोडलेले बाबांचे मुद्दे एकामागून एक येत गेले. पाचाची वीस मिनिटं झाली. "दोघंही भ्याले होते," तिनं शेवट केला, "आणि दोघांनाही ते कबूल करायचं नव्हतं."

मागच्या बाकांवर टाळ्या सुरू झाल्या. परीक्षकही सामील झाले. "अभिनंदन, डॉक्टर. पण ही बाजू प्रबंधात का नाही?"

"ती माझ्या बाबांची आहे, सर." सुनेत्राचा आवाज सभागृहभर खणखणीत पोचला. "त्यांना कधी म्हटलं नाही, आता म्हणते. बाबा, तुमचं पटलं मला."