खोकल्यावर मिळणारा डबा

"बाबा, वय झालेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी झालं, तर त्यावर स्वस्तातलं औषध कुठलं?"

भोंगीने हे नेहमीच्याच आवाजात विचारलं. म्हणजे समोरच्या न्हाव्यालाही ऐकू गेलं. काचेबाहेर तिच्या दोन मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून उभ्या होत्या. पैज त्यांचीच.

औषधाच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, तिन्ही साठीपुढची. एकाला अचानक टूथब्रशमध्ये रस वाटू लागला. दुसरा वजनकाट्यावर चढला आणि उतरायचंच विसरला.

"आत जा," बाबा दातांतून म्हणाले.

तो दुकानाचा नियमच होता. गिऱ्हाईक काही न मागता दोनदा खोकलं, की पोरीने आत जायचं आणि बाबांनी घोड्याचं चित्र असलेला ‘ताकदीचा’ डबा कागदात गुंडाळून पुढे सरकवायचा. आत्ताही एक सरकवला होता. त्यावर हात ठेवून उभे होते कवायतीचे निवृत्त सर. एके काळी त्यांच्या शिट्टीने अख्खं मैदान गोठायचं. आज दुकानाच्या दोन पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती.

भोंगी आत गेलीच नाही. "सर, हा चौथा डबा ना? फरक पडला?"

सर छताकडे बघत राहिले. "काडीचा नाही."

आतून आई आली. भिंतीवरची फार्मसीची पदवी तिची होती, पण तिच्यासमोर कोणी खोकायचं नाही.

"ठेवा तो डबा. आधी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासा, दोन वेगळ्या दिवशी. सरकारी दवाखान्यात स्वस्तात होतं. खरंच कमी निघालं, तर डॉक्टर बाकीच्या तपासण्या करून ठरवतील. इंजेक्शन दिलंच, तर जेनेरिक मागा. या डब्यापेक्षा स्वस्त पडेल. आणि कित्येकांचं तर वजन उतरलं, झोप सुधारली, की भागतं."

"अगं, हळू," बाबा कळवळले.

"हळू कशाला? आधीच नीट ऐकू येत नाही," वजनकाट्यावरचे आजोबा ओरडले. "उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही?"

"नाही."

टूथब्रशवाले काका पेन शोधू लागले.

सरांनी डबा परत सरकवला, पण पाय काही हलेनात. "दवाखान्याच्या खिडकीवर माझीच विद्यार्थिनी बसते," ते पुटपुटले. "तिच्यासमोर या तपासणीचं नाव कसं घेऊ? त्यापेक्षा धाप परवडली."

बाहेरचं खिदळणं थांबलं होतं. भोंगीने सरांकडे पाहिलं, मग आईबाबांकडे.

"आई, बाबा, उद्या पहिला तास मी बुडवणार. सरांबरोबर दवाखान्यात जातेय. नाव मी घेईन."

बाबांनी तोंड उघडलं.

"तास कवायतीचाच आहे," ती म्हणाली. "सरांची परवानगी आहे."