रुपरावांचा खोकला

रिसीव्हर रबरी वाट्यांत बसला, पेटीने शीळ घातली, आणि आतल्या खोलीत रुपरावांना खोकला आला.

प्रमोदिनीने डोळे मिटून घेतले. आजचंही गेलं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कळमेश्वरच्या कारखान्याचे दिवसभराचे आकडे मुंबईच्या कॉम्प्युटरला पोचवायचे, तर फोनचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांच्या एका पेटीवर उपडा ठेवावा लागे. कॉम्प्युटरमधले आकडे ही पेटी आवाजात सांगे, आणि मुंबईची पेटी तो आवाज ऐकून पुन्हा आकडे मांडी. पण खोलीत कुणी शिंकलं तर ते शिंकणंही तारेत शिरे आणि आकड्यांचा काला होई. मागच्या सोमवारी शेजारच्या इंदुताईंकडे हंडा पडला, तेवढ्याने अर्धा हिशेब वाया गेला होता.

कारखान्यातला फोन नुसता खरखरायचा. प्रमोदिनीच्या वडिलांचा, रुपरावांचा, घरचा फोन मात्र ठणठणीत होता. गांधीबागेतलं कापडाचं दुकान विकलं तेव्हा त्यांनी फोन तेवढा हट्टाने घरी आणला होता. म्हणून कंपनीने कॉम्प्युटर त्यांच्या बैठकीत आणून ठेवला. महिनाभर करून बघायचं ठरलं. आकडे नीट पोचले तर प्रमोदिनी नागपुरातच राहणार. नाही पोचले तर कॉम्प्युटर मुंबईला जाणार, आणि त्याच्यामागून तीही, मोठ्या जागेवर.

बाबांना तिने एवढं सांगितलं होतं. घरच्या फोनची युक्ती तिनेच साहेबांच्या गळी उतरवली होती, ते मात्र सांगितलं नव्हतं.

"जा ना वं मुंबईले," ते तेव्हा म्हणाले होते. "अशी जागा पुन्हा भेटन काय?"

"कंपनीचा हुकूम आहे बाबा. इथंच करून पाहा म्हणते."

आई गेल्यापासून घरात ही दोघंच. बोलणं भाजी काय आणायची आणि पंखा किती आवाज करतो याचं. त्यापलीकडचं बोलायची त्या घरात पद्धत नव्हती.

फोन वाजला. मुंबईच्या ऑफिसातले गिरिधर होते.

"मॅडम, आज पण खिचडीच आली. साहेब म्हणतात, हे आणखी किती दिवस चालवायचं?"

"उद्या नीट येईल," ती म्हणाली.

रुपराव दारात येऊन उभे राहिले.

"माह्या खोकल्यानं गेलं काय?"

"नाही बाबा. लाइन खराब होती."

"मंग मशीनच बेकार आहे. धाडून दे मुंबईले."

"सुंठ उगाळून देऊ?"

"सुंठीनं काय होते! हवा बदलली पाह्यजे. मुंबईची हवा लोकाइले मानवते म्हणते."

"खोकला तुमचा, अन् हवा मी बदलू?"

रुपराव हसले. मग भाकरी मोडून वांग्याच्या भाजीशी पोटभर जेवले, रेडिओवरच्या बातम्या ऐकल्या आणि झोपले.

सकाळी ते उठले नाहीत. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. झोपेतच, त्रास काही झाला नसावा.

तेरवी झाली. नातेवाईक गावी, खाप्याला परत गेले. कंपनीने माणुसकी म्हणून मुदत वाढवली होती. कारखान्याची जीप दिवसाचे आकडे घेऊन आली, तेव्हा प्रमोदिनीने नेहमीसारखा मुंबईचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर वाट्यांत उपडा ठेवला. पेटीने शीळ घातली. आतल्या खोलीतून काही आलं नाही. आकडे गेले.

"एकही चुकला नाही, मॅडम," गिरिधर फोनवर म्हणाले. "साहेब एकदम खूश. तुम्ही आता नागपूरलाच."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

इंदुताई डबा घेऊन केव्हाच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. शीळ चालू असताना बोलायचं नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक झालं होतं.

"झालं काय? बोलू आता?"

"बोला ना. आज नीट गेलं. बाबांचा खोकला नव्हता."

"खोकला?" इंदुताईंनी डबा खाली ठेवला. "त्याहिले कुठं होता वं खोकला? दिवसभर माह्या ओट्यावर बसून राहत. एकदा खोकलले नाही. तुह्या पेटीनं शीळ घातली का सुरू!"

"म्हणजे मुद्दाम?" प्रमोदिनीने विचारलं.

"मी चिडवत होती त्याहिले. म्हटलं, भाऊजी, नुसतं खोकून काय होते, परात वाजवा! अन् त्या सोमवारी माह्या घरी हंडा पडला ना, तो काही पडला नव्हता. मीच पाडला." त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "रोज म्हणत, पोरगी माह्यापायी अडकून पडली, इंदुताई. हे मशीन फसलं तं मोकळी होईन बिचारी. तिले सांगू नका म्हणत. आता कोणाची चोरी?"

डबा गरम आहे तोवर खाऊन घे, असं दोनदा बजावून त्या गेल्या.

प्रमोदिनीने डबा उघडला नाही. महिनाभर या घरात तिने सगळ्यांना हळू बोलायला लावलं होतं. ती उठली, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"मी अडकली नव्हती, बाबा. मलेच राहाचं होतं इथं, तुमच्याजवळ."