ओळख न पटलेला वनरक्षक

वनरक्षक मोतीराम ढोक यांचं गस्तीचं जीपीएस यंत्र चार दिवस फोनला जोडलं जात नव्हतं. कार्यालयातल्या देवयानी मॅडमनी ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू केलं, जुनी जोडणी पुसली, नवी केली. हे यंत्र रोज बाळगणाऱ्याची चाल ओळखूनच फोनला जोडलं जाई. पडद्यावर पुन्हा तेच आलं: ‘धारकाची चाल जुळत नाही.’

“गस्तीला कोणाला पाठवलं होतं?” मॅडमनी रोखून विचारलं.

“आईशप्पथ मॅडम, चारही दिवस मीच चाललो. पायाला फोड आलेत, बघा.”

ढोकांनी बूट काढून पाय दाखवले. फोड ताजे होते. सहा वर्षं रोज बारा किलोमीटर जंगल तुडवणाऱ्या माणसाच्या पायाला फोड? मॅडमचा संशय आणखीच वाढला.

तेवढ्यात ढोकांची बायको कौसल्या डबा घेऊन आली. ती चार दिवसांनी आज सकाळीच माहेरून परतली होती.

“अजून अडलंय का मेलं?” तिने टेबलावरचं यंत्र सवयीने उचललं. “हातात धरून जरा चाललं की लागतं ते.”

“राहू दे गं!” ढोक घाईने म्हणाले.

पण ती दारापर्यंत जाऊन परतलीसुद्धा. टेबलावरचा फोन टिंग वाजला. जोडणी झाली होती.

मॅडमनी तिच्या हातातल्या यंत्राच्या पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली: ‘नमस्कार, मोतीराम ढोक.’