टाकीमागे

"औषध घेतलंस की कुणाशी बोलायचं नाही. पाणी प्यायचं नाही. सरळ टाकीमागे यायचं आणि माझ्यासमोर तोंड उघडायचं. कळलं?"

करिसा एवढंच बोलला आणि मक्याच्या उगालीच्या, म्हणजे जेवणाच्या, रांगेत जाऊन उभा राहिला. कारणं सांगायची त्याला सवय नव्हती. अथमान थाळी घेऊन मागेच थांबला.

किनाऱ्यावरच्या त्या तुरुंगात पहारेकरीसुद्धा करिसाशी जपून बोलत. कालच त्यानं पाण्याच्या टाकीमागे, तेच औषध घेणाऱ्या फुमोचे पुढचे दात पाडले होते. फुमोचं तोंड इतकं सुजलं होतं की त्याला धड पाणीही पिता येत नव्हतं, मग बोलणं तर दूरच.

"गिळून बसला असेल गाढव," म्हातारा कैदी चेंगो म्हणाला. "रिकामं तोंड घेऊन करिसासमोर जातात होय? तू तरी शहाणा हो, पोरा."

अथमानला ते पटलं. बाहेर असताना उंग्याच्या, म्हणजे हेरॉइनच्या, पांढऱ्या पुडीपायी त्यानं आईची भांडीसुद्धा विकली होती. इथल्या दवाखान्यात रोज ती नशा सोडवणाऱ्या मेथाडोनचा घोट मिळायला लागला, तेव्हा कुठे त्याला झोप यायला लागली आणि आई भेटीला यायला लागली. एक घोट चुकला तरी अंग पिळवटून निघायचं. पण करिसाच्या मुठीपेक्षा ते परवडलं.

दवाखान्याच्या खिडकीत सिस्टर मेजुमा आज चिडलेली होती.

"ऐका रे सगळे. पुन्हा कुणी घोट तोंडात धरून बाहेर नेला तर ही खिडकी बंद. नवी माणसं घेणंही बंद. वरून हुकूम आलाय, मग माझ्या नावानं रडू नका."

तिनं पेला पुढे केला. अथमाननं तो तोंडात रिकामा केला. आता गिळून स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं, हा तिथला नियम. त्याच्या कानशिलावरून घाम निथळत होता. तेवढ्यात मागे दोघांची रांगेवरून जुंपली. सिस्टर तिकडे ओरडली आणि न बघताच त्याला म्हणाली, "जा, पुढचा."

तो निघाला. जीभ बधिर झाली होती. घसा सारखा गिळू पाहत होता आणि तो त्याला गिळू देत नव्हता. आईची आठवण आली, ती त्यानं बाजूला सारली. आपण किती भित्रे आहोत, याची त्याला लाज वाटली, पण पाय टाकीकडेच चालले होते.

करिसा एकटाच भिंतीला टेकून उभा होता. भर उन्हात त्याच्या अंगावर शहारे होते आणि नाक गळत होतं.

"उघड."

अथमाननं मान मागे करून तोंड उघडलं. थेंबही सांडला नव्हता. हातानं त्यानं पेला आणायची खूण केली.

करिसानं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मग त्यानं सावकाश बाही वर सारून सुयांच्या खुणांनी भरलेला हात दाखवला.

"त्या फुमोनंही हेच केलं. अरे, गिळून रिकामं तोंड दाखवायचं होतं रे," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "सोमवारपासून त्या खिडकीत मलाही घोट मिळणार आहे."